‘न्हाई’ लिहून मागणारी बाई

तिच्या हातात टोपण काढलेलं पेन असायचं. टेबलासमोर यायची, एक कोरा कागद माझ्याकडे सरकवायची, पेन पुढे करायची आणि म्हणायची, "न्हाई म्हणता ना साहेब? मंग न्हाई म्हणून लिवून द्या."

चार वर्षांत मी तिला ते एकदाही लिहून दिलं नाही.

हिंगोलीतल्या एका दवाखान्यात, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर माझं टेबल आहे. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक त्या नावाला शिव्या घालतील आणि मी सुटेन. नोंद करायची, नंबर द्यायचा, बायांना पाणी पिऊन बसायला सांगायचं, एवढं माझं काम. ती सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावची आशा स्वयंसेविका, आमच्या भाषेत आशाताई. पन्नाशीला आलेली, काटक. जयभीम घालायची तोही असा ठणकावून, की रांगेतल्या बाया दचकायच्या. तिच्या चपलांचा आवाज आला की शिपाई म्हणायचा, "आली बघा कटकट." तुमच्याही ऑफिसात अशी एखादी बाई येत असेल. तिला पाहून माणसं फायलीत तोंड खुपसतात.

आशाताई गरोदर बाया घेऊन येतात, त्याची आम्हाला सवय होती. ही म्हाताऱ्या आणायची. एकदा एका आजीबाईंची नोंद करताना मी मान खाली घालूनच विचारलं, "कितवा महिना?"

"पासष्टावं साल लागलं," ती म्हणाली. "वर पहा की साहेब. माणूस पाहून तरी इचारा."

सगळी रांग हसली. आजीबाई सगळ्यात जास्त हसल्या. मीही हसलो.

कुठल्याशा प्रशिक्षणात तिला एक पत्रक मिळालं होतं. बाकीच्यांनी ते पिशवीत टाकलं, हिने पाठ केलं. बोटांवर मोजत सांगायची, "पोट फुगून राहतं. दोन घासात भरतं. घडीघडी लघवीला जावं लागतं. पाळी बंद झालेल्या बाईला हे रोजच व्हायला लागलं तर त्याला ग्यास म्हणायचं न्हाई. अंडाशय पाहायचं." अंडाशय हा शब्द ती अगदी सावकाश, जपून उच्चारायची.

शिरड शहापूरची एक बाई होती, हिच्या मावसबहिणीच्या शेजारची. पंचावन्नच्या आसपास वय, शेतात राबून वाळलेलं अंग, आणि पोट तेवढं पुढे आलेलं. आठ महिने ती ज्या त्या डॉक्टरकडून पित्ताच्या गोळ्या खात होती. मावसबहिणीने फोनवर सांगितलं आणि ही आपलं गाव सोडून तिला घेऊन आमच्याकडे आली.

पहिल्यांदा मी परत पाठवलं, कारण तो दिवस गरोदर मातांचा होता. दुसऱ्यांदा डॉक्टर रजेवर होते. दोन्ही वेळा तिने कागद पुढे केला, दोन्ही वेळा मी तो बाजूला सारला. तिसऱ्यांदा मोठ्या डॉक्टरांनी पोटावरून मशीन फिरवलं आणि दोन मिनिटांत म्हणाले, "गॅस फार आहे. नीट दिसत नाही. पंधरा दिवसांनी या."

"आतून पहा ना मंग," ही म्हणाली.

आतून, म्हणजे योनीमार्गातून करायच्या सोनोग्राफीचा दांडा कपाटात खोक्यासकट पडून होता. लांबट, अंगठ्याएवढा जाड. तो अंडाशयाच्या जवळ जातो, पोटातला वायू त्याच्या आड येत नाही. मशीनबरोबरच आला होता. कोणी मागत नाही म्हणून कोणी वापरत नव्हतं, आणि कोणी वापरत नाही म्हणून कोणाला मागायचं ठाऊक नव्हतं.

डॉक्टर काही बोलायच्या आत बाईचा नवरा उठला. "आतून काहून? असलं काही न्हाई करायचं. आमच्या घरात असलं चालत न्हाई."

आशाताई त्याच्याकडे वळली. "दादा, चार लेकरं झाले तवा लाज आडवी आली न्हाई. आता तिचा जीव चालला तर लाज आडवी येऊन राहिली?"

तो पुन्हा खाली बसला. पण डॉक्टर तोपर्यंत निघून गेले होते. ती बाई कॉटवरून उतरली, लुगडं सावरलं आणि हिच्या दंडाला धरून म्हणाली, "चल माय. उगा कोणाला तकलीफ नको."

पंधरा दिवसांचे दोन महिने झाले. मधे आमच्याकडे एक तरुण डॉक्टरीणबाई रुजू झाल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ते खोकं फोडलं. तेव्हा आली ती बाई. तिला दोघींनी धरून आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आतून पाहिलं. अंडाशयावर गाठ होती, पोटात पाणी झालं होतं, आणि ते सगळं आता एका जागेवर राहिलेलं नव्हतं.

"आधी का नाही आणलंत?" त्यांनी विचारलं.

आशाताईने माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर उघडलं आणि उगाच पानं उलटत राहिलो.

नांदेडला पाठवलं. तीन महिन्यांत ती बाई गेली.

त्यानंतर मी डॉक्टरीणबाईंना विचारलं की दोन महिने आधी पाहिलं असतं तर वाचली असती का. मला ‘नाही’ ऐकायचं होतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. ज्या बाईला काहीच त्रास नाही, तिच्यात हे लवकर शोधणारी खात्रीची तपासणी आज कोणाकडेच नाही, अमेरिकेतही नाही. पण जी बाई स्वतः त्रास सांगत दारात येते, तिला तुम्ही तीनदा परत पाठवता. याला मशीन काय करणार?"

आशाताई पुढच्या वेळी आली तेव्हा नेमकी वरच्या साहेबांची पाहणी चालू होती. कॉरिडॉर धुतला होता, फुलं ठेवली होती. मोठे डॉक्टर साहेबांना मशीन दाखवत होते. ही मधोमध उभी राहिली.

"मशीन चांगलं हाये साहेब," ती म्हणाली. "मशीनला काही दोष न्हाई. त्याच्यापाशी जाऊ देत न्हाईत, एवढंच हाये. शिरडची बाई मेली. तीनदा आली होती. इचारा ह्यांना."

तिचं बोट माझ्याकडे होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तशी काही नोंद नाही सर."

ते खरंच होतं. परत पाठवलेल्या बायांची नोंद आम्ही करतच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. "आवाज चढवायची सवयच असते यांना," ते म्हणाले. त्यांनी ‘यांना’ कसं म्हटलं ते मी इथे लिहू शकत नाही, पण तुम्हाला ऐकू आलं असेल. मग त्यांनी सांगितलं आणि मी तक्रार लिहिली. सरकारी कामात अडथळा, रुग्णांची दिशाभूल, असभ्य भाषा. जिला मी एक ओळ कधी लिहून दिली नव्हती, तिच्याविरुद्ध मी सुबक अक्षरात भरगच्च पान लिहिलं आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.

तिला कमी केल्याचं पत्र निघालं, त्याच आठवड्यात तिने आधीच नंबर लावलेली शेवटची बाई तपासायला होती. चाळिशीतली, शाळेत खिचडी शिजवणारी. तीच तक्रार: दोन घासात पोट भरतं. डॉक्टरीणबाईंनी आतून पाहिलं. अंडाशयावर लिंबाएवढी गाठ, आत एक कोंब फुटल्यासारखा, पण पोटात पाणी नाही. नांदेडला ऑपरेशन झालं. कॅन्सरच निघाला, पण गाठीतच होता, बाहेर गेला नव्हता. ती बाई आजही खिचडी शिजवते. तिच्या केसपेपरवर ‘पाठवणाऱ्याचे नाव’ ही जागा कोरी आहे, कारण पाठवणारी तेव्हा कामावर नव्हती.

आता त्या गावाला नवी आशाताई आहे. मुलगी चांगली आहे, हळू बोलते. मी "आज नाही" म्हटलं की "बरं सर" म्हणते आणि बायांना घेऊन जाते. मोठे डॉक्टर तिचं कौतुक करतात.

गेल्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या एसटी डेपोत ती जुनी आशाताई दिसली. हळद शिजवायच्या कामावर जात असावी, नखं पिवळी झाली होती. शेजारी एक थकलेली बाई बसली होती, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. ही तिला उसाचा रस पाजत होती. पद गेलं होतं, पिशवी गेली होती, तरी नांदेडच्या गाडीला बाई घेऊन निघालीच होती.

मी जवळ गेलो. वर्षभर घोकलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. "ताई, माझं चुकलं."

तिने ग्लास खाली ठेवला. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"माह्यापाशी काहून सांगता?" ती म्हणाली. "माही बहीण न्हाई मेली. शिरडला जा. तिची लेक हाये घरी, तिला सांगा."

गाडी लागली. तिने त्या बाईला हाताला धरून वर चढवलं, खिडकीपाशी बसवलं, आणि स्वतः पलीकडे बसली. तिथून मी दिसत नव्हतो.

शिरड शहापूर इथून तासाभराच्या वाटेवर आहे. दर अर्ध्या तासाला गाडी असते. मी अजून गेलेलो नाही.