उत्तर बरोबर, रीत चुकीची

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही फार जवळचे आहात म्हणून नव्हे — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि एक आधीच बजावते. मधेच 'अहो, प्रत्येक आईच्या हातून होतं असं' म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवायला येऊ नका. प्रत्येक आईच्या हातून असं होत नाही.

दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. नवऱ्याला सिंगापूरला वन-नॉर्थ या संशोधन वसाहतीत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून तिथे गेलो. मुलगी मैथिली तेरा वर्षांची. सरकारी शाळेत तिला जागा मिळाली नाही, म्हणून मी तिला घरी शिकवायचं ठरवलं — असं मी सगळ्यांना सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. एका दुसऱ्या शाळेने 'जानेवारीत या' म्हणून कळवलं होतं. नको म्हणणारी मी होते. का? कारण पुण्यात मी अकरा वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवलं होतं. तिथे मी 'बाई' होते. भाजी घेताना पालक थांबवून बोलायचे. सिंगापूरमध्ये माझ्या राहण्याच्या पासवर 'डिपेंडंट' छापलेलं होतं, आणि सकाळी नवरा गेला की मला नावाने हाक मारणारं त्या बेटावर एकही माणूस नव्हतं. मला वर्ग हवा होता. मुलगी होतीच घरात.

आता तुम्हाला माझी दया यायला लागली असेल. परदेशात आलेल्या बाईची कुचंबणा वगैरे — ते दिवाळी अंकासाठी ठेवा. कुचंबणा माझी झाली होती, मैथिलीने कुणाचं काय घोडं मारलं होतं?

लहान मुलांना घरी शिकवणं सोपं. मणी, चित्रं, बागेत फिरणं. मुलं मोठी झाली की नीट अभ्यासक्रम निवडावा लागतो, आणि निवडणारा प्रत्येक जण म्हणतो की मी मुलाकडे बघून निवडला. मी तीन ठिकाणांहून नमुने मागवले. एकात शिकवणारा पडद्यावर, आई नुसती शेजारी बसलेली. तो मी त्याच दिवशी बाद केला. दुसऱ्यात मुलं आपापली वाचून आपापल्या वेगाने पुढे जायची. तोही बाद. घेतला तो तिसरा — ज्यात आईच शिकवते, आईच चाचणी घेते, आईच तपासते, आणि शंभरातले पंच्याऐंशी मिळाल्याशिवाय पुढचं प्रकरण उघडायचं नाही. उत्तरांचं पुस्तक वेगळं, ते आईच्या कपाटात. शाळेत निदान वर मुख्याध्यापक तरी असतात. आमच्या जेवणाच्या टेबलावर सगळं मीच होते.

पहिलं वर्ष फार छान गेलं. हे मुद्दाम लिहिते, कारण नाहीतर मी सुरुवातीपासून दुष्ट होते असं म्हणून तुम्ही मोकळे व्हाल. तीन आठवड्यांना एक प्रकरण असा तक्ता मी फ्रिजवर लावला होता. घरी शिकवणाऱ्या भारतीय पालकांचा एक गट होता, दर शनिवारी लायब्ररीत जमायचा. तिथे मी तो तक्ता दाखवायचे आणि बाकीच्या बायका त्याचे फोटो काढायच्या. त्या बायका मला आवडायच्या नाहीत — पण फोटो काढलेले आवडायचे.

दुसऱ्या वर्षी मैथिली पळायला लागली. तीन आठवड्यांचं प्रकरण आठ दिवसांत. मी फळ्यावर एक ओळ लिहिली की ही पुढच्या दोन ओळी तोंडाने सांगायची. मला राग यायचा. पोटच्या पोरीचा, अगदी उघड राग — मी तिला सांगायचे की तोंड न घालता ऐक.

त्या वर्षी सिंगापूर स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून आमच्या ब्लॉकच्या सगळ्या कठड्यांना झेंडे लावले होते. ते अजून उतरले नव्हते, गणपती जवळ आले होते, तेव्हाची ही चाचणी. एक गणित होतं. आयताची परिमिती चौतीस, क्षेत्रफळ सत्तर, बाजू काढा. रीत ठरलेली आहे: एक बाजू क्ष धरायची, समीकरण मांडायचं, अवयव पाडायचे. मी तसंच शिकवलं होतं. मैथिलीने क्ष धरलाच नाही. दोन बाजूंची बेरीज सतरा, तिचं निम्मं साडेआठ, आता एक बाजू साडेआठपेक्षा जितकी जास्त तितकीच दुसरी कमी — असं काहीतरी करून तीन ओळींत दहा आणि सात. उत्तर बरोबर. माझ्या उत्तरांच्या पुस्तकात ही रीत नव्हती, आणि मला ती कळली नाही. पाचापैकी दोन मार्क दिले. लाल पेनाने लिहिलं, 'उत्तर बरोबर, रीत चुकीची.' एकूण झाले त्र्याऐंशी.

"पण आई, आन्सर करेक्ट व्हॉट," ती म्हणाली. ती तशीच बोलायची, खालच्या मजल्यावरच्या मुलींसारखी, वाक्याला तिथलं 'व्हॉट' नाहीतर 'लाह' जोडून.

मी म्हटलं, रीत चुकली की उत्तराला काही अर्थ नसतो. प्रकरण पुन्हा.

इथपर्यंत मी अडाणी होते, एवढंच. दोन दिवसांनी मोदकांची पिठी आणायला लिटिल इंडियाला निघाले होते. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत बसले आणि ते साडेआठ डोक्यातून जाईना. आउट्रम पार्कला गाडी बदलायची असते. मी उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसून सामानाच्या यादीच्या मागे ते गणित सोडवलं. सुटलं. नुसतं सुटलं नाही — सुंदर होतं ते. अकरा वर्षं मी ते गणित मुलांना घातलं होतं आणि मला ते कधी सुचलं नव्हतं. चौदा वर्षांच्या मुलीला सुचलं. चार गाड्या गेल्या, मी तशीच बसून होते.

घरी जाऊन काय करायला हवं होतं? दोनाचे पाच. त्र्याऐंशीचे शहाऐंशी. 'चुकलं माझं, चल पुढे.' एवढंच ना? मी घरी जाऊन पिठी डब्यात भरली आणि तिला म्हटलं, प्रकरणाची पहिली दहा गणितं पुन्हा सोडव. माझ्या रीतीने.

कारण पुढच्या वर्षाचं पुस्तक तेव्हा येऊन पडलं होतं. मी ते उघडून पाहिलं होतं. पहिल्या प्रकरणाचा पहिला स्वाध्याय मला उत्तरं समोर ठेवूनही जमला नाही. मैथिली या वेगाने गेली असती तर दिवाळीत त्या पुस्तकाशी आली असती, आणि माझा वर्ग दिवाळीत संपला असता. तो संपू नये म्हणून मी तिला थांबवलं. एकदा नव्हे — त्यानंतर चार प्रकरणं. पायऱ्या गाळल्या, मार्क काप. एकक लिहिलं नाही, काप. अक्षर लागत नाही, काप. माझं काम चोख असायचं. कधी ब्याऐंशी, कधी चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी देताना मी क्षणभर तरी थांबले असेन असं तुम्हाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही.

गटात वानखेडे म्हणून एक गृहस्थ होते, वन-नॉर्थलाच संशोधक. त्यांची मुलगीही घरीच शिकायची. एका शनिवारी त्यांनी मैथिलीची वही सहज चाळली, मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा पहिल्या पानापासून पाहिली. मला म्हणाले, "वहिनी, हिला या पुस्तकात का अडकवून ठेवलंय? पुढचं द्या. तुम्हाला वेळ नसेल तर मी शनिवारी घेत जाईन, माझ्या मुलीबरोबर." मैथिली शेजारीच होती. तिचा चेहरा मला दिसत होता. मी तिच्यासमोर हसून म्हटलं, "नको हो, पाया कच्चा आहे तिचा." वानखेडे काहीतरी बोलणार होते, पण आईपुढे कोण काय बोलणार? पुढच्या महिन्यापासून मी त्या गटात जाणंच बंद केलं. मैथिलीला सांगितलं, तिथे नुसत्या गप्पा होतात.

मग परीक्षेचा फॉर्म आला. बाहेरून बसणाऱ्यांची परीक्षा, गणिताचे दोन प्रकार. एक मोठा, सगळा अभ्यास असलेला. दुसरा लहान, सोपा — पण त्यात कितीही चांगलं लिहिलं तरी मधल्याच श्रेणीपर्यंत पोचता येतं, आणि पुढे गणित घ्यायला तो चालत नाही. खूण मी करायची होती. शेवटच्या तारखेला चार दिवस असताना मैथिली माझ्याजवळ आली. म्हणाली, "आई, बिग पेपर देऊ का मी? आय कॅन ट्राय, लाह."

आता आलं. इथपर्यंत सांगितलेलं सगळं मी कदाचित कुणाला तरी सांगू शकले असते. हे नाही.

मी तिला नाही म्हटलं नाही. मी कपाटातून फाइल काढली. वर्षभराच्या चाचण्या ओळीने लावलेल्या होत्या, प्रत्येकीवर माझा लाल आकडा. फाइल तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "तूच बघ. तूच ठरव. मी काही तुला अडवत नाही."

तिने सगळी फाइल पाहिली. घाई केली नाही. एकेक पान उलटत होती, आणि मी समोर बसून मटार सोलत होते. आयताचं गणित आलं तेव्हा तिथे थोडी थांबली. मला वाटलं, आता विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिने पान उलटलं. शेवटी फाइल मिटली आणि म्हणाली, "ओके लाह. स्मॉल पेपर कॅन." आणि फॉर्मवर बोट ठेवून खूण कुठे करायची ते मला दाखवलं.

त्या सोप्या पेपरात तिला मिळू शकत होती ती सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. मी पेढे केले. नवरा म्हणाला, तू होतीस म्हणून निभावलं, गणित तिचा प्रांत नव्हे. मी त्याच्या हातावर पेढा ठेवला. वानखेड्यांची मुलगी मोठा पेपर देऊन पुढे गणित घेऊन गेली, हे कानावर आलं तेव्हा मी म्हटलं, असतात काही मुलं हुशार. मैथिली ऐकत होती. 'हो ना,' म्हणाली.

नंतर आम्ही पुण्याला परत आलो. मैथिली आता मोठी आहे, एका जाहिरातींच्या कंपनीत मजकूर लिहिते, बरं चाललं आहे तिचं. बरं चाललं आहे हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाही. आणि मी पुन्हा एका क्लासमध्ये शिकवते — पाचवी ते आठवी.

गेल्या महिन्यात तिने स्वतःचं घर लावलं. पडद्यांचं कापड घ्यायला आम्ही दोघी गेलो. तीन खिडक्या तीन मापांच्या, वर चुण्यांसाठी जास्तीचं कापड, खाली दुमड. दुकानदार कॅल्क्युलेटर शोधत होता. मैथिलीने एकदा छताकडे पाहिलं आणि मीटरचा आकडा सांगितला. मग लगेच ओशाळली. मापांचा कागद माझ्या हातात देत म्हणाली, "तू एकदा बघ ना, आई. माझं मॅथ्स तुला माहितीये."

मी कागद घेतला. माझ्या रीतीने, एकेक पायरी लिहून, सगळं केलं. मला बराच वेळ लागला. ती शेजारी उभी राहून वाट बघत होती, तेराव्या वर्षी टेबलाशी बघायची तशीच. आकडा तोच आला.

मी म्हटलं, "बरोबर आहे."

"नक्की ना?" तिने विचारलं.

मी दुकानदाराला कापड कापायला सांगितलं.