हातासरशी

क्लेम बॅगनॉलला अर्धवट काम बघवायचं नाही. उमेदीची वर्षं त्यानं इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या कोळसाखाणीत पंप दुरुस्त केले, आणि खाण बंद पडल्यावर घरामागच्या शेडमध्ये जुन्या मोटरसायकली. त्याच्या हाताचं पंचक्रोशीत नाव होतं. पण माणूस असा विचित्र, की गळकी किटली दिली तर दांडाही घासत बसेल, आणि तोवर घरात कुणाला चहा नाही.

त्याचा थोरला भाऊ अर्नी. पोरगी झाली तेव्हा त्यानं आपली बीएसए मोटरसायकल कोठीत उभी केली, ती चाळीस वर्षं तिथंच. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी अर्नीच्या फुप्फुसांपुढं हात टेकले. खाणीतली धूळ, दुसरं काय! त्यानं धाकट्याला बोलावून घेतलं.

"एकदा चालू करून दे रे. बसायचं नाहीये मला. आवाज ऐकायचाय."

क्लेम गाडी आपल्या शेडमध्ये घेऊन आला. अर्नीनं ती शहाण्यासारखी ठेवली होती. सिलिंडरमध्ये तेल ओतलेलं, सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबलेली. किक दाबली तर इंजिन मऊ फिरलं. प्लगवर ठिणगीही पडली. कार्बोरेटर धुऊन ताजं पेट्रोल घातलं असतं, तर त्याच दिवशी गाडी बोलली असती. क्लेमला हे तेव्हाच कळलं होतं.

पण टाकी गंजलेली. अशा अवतारात भावापुढं न्यायची? छे! टाकी काढलीच आहे तर हातासरशी रंग देऊ. रंग द्यायचा तर सांगाडाही मोकळा करू. सांगाडा मोकळा झालाय, तर हातासरशी इंजिनही उघडून बघू. हॅण्डल क्रोम करायला पाठवलं, ते तिकडंच अडकलं. शेडभर बिस्किटांच्या डब्यांत नटबोल्ट, आणि हे महाशय खूश.

मे महिन्यात अर्नी स्वतःच शेडमध्ये आला. नाकात ऑक्सिजनची नळी, हात बायकोच्या, डोरीनच्या, खांद्यावर. तो डब्यांकडं बघत राहिला.

"माझी गाडी कुठाय?"

"होतेय रे. अगदी नव्यासारखी करतोय."

"मला नवी नकोय, गाढवा."

अर्नी हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. डोरीन त्याला घरी घेऊन गेली. क्लेमला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. एवढी मेहनत करतोय, त्याचं काहीच नाही! तो पुन्हा चाकाच्या तारा घासायला बसला.

जुलैत अर्नी गेला. सांगाडा तेव्हा रंगाऱ्याकडून नुकताच आला होता, कागदात गुंडाळलेला. चर्चमध्ये क्लेम पहिल्या बाकावर बसला, आणि नखांतलं काळं दिसू नये म्हणून त्यानं मुठी मिटून ठेवल्या.

पानं गळायच्या सुमाराला गाडी पुरी झाली. त्यानं डोरीनला बोलावलं. पहिल्याच किकला इंजिन धडधडलं, शेडचे पत्रे थरथरले. डोरीन दारातच उभी होती. ती आत आली नाही.

"सुंदर झालीये," ती म्हणाली. "पण क्लेम, त्यानं नुसता आवाज मागितला होता."

क्लेमनं इंजिन बंद केलं. चहा घेऊन जा, असं त्याला म्हणायचं होतं, पण ती फाटकापर्यंत पोचलीसुद्धा होती. गाडीखाली तेलाचा एक थेंब पडला होता. फडकं त्याच्या हातातच होतं. त्यानं थेंब तसाच राहू दिला.