आंधळ्या घोडीला घर द्यायला: ठाणे ते मुरबाड

माझी मावसबहीण वैशाली कल्याणच्या पुढे, गोवेलीजवळ, कुणालाच नको झालेले घोडे सांभाळते. वरातीत नाचून गुडघे गेलेले, म्हातारे, आजारी. सासरच्या शेतात पत्र्याची पागा आहे. घोडा जरा सावरला की ती त्याच्यासाठी कायमचं घर शोधते. "ये ना एकदा" असं ती केव्हापासून म्हणत होती. या वेळी तिने कामच सांगितलं. गौरी नावाच्या आंधळ्या घोडीला मुरबाडच्या पुढे घर मिळत होतं आणि तिथवर तिला सोबत हवी होती. मी सुट्टी टाकली.

ठाण्यात खोपटच्या डेपोतून मुरबाडकडे जाणारी एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. सकाळी लवकर निघा, नाहीतर कल्याण पार करतानाच जीव जातो. शहाडचा पूल मागे पडला की म्हारळ, वरप, कांबा, मग रायत्याला उल्हास नदी. तिथून पुढे हवा बदलते.

गोवेलीला उतरून घरी पोचले, तर वैशालीच्या सासऱ्यांनी "ये गो बाय, पयलं जेव" म्हणून बसवलंच. तांदळाची भाकरी, सुकट आणि कांदा. जेवून पागेकडे गेलो. गौरी कोपऱ्यात भिंतीला लागून उभी होती. पांढरी, उंच, दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पडदा. मी हात पुढे केला तशी ती आक्रसली. वर्षभर इथे राहूनही ती वैशालीशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती.

वैशालीने खाली वाकून तिचे पुढचे पाय दाखवले. खुरांच्या वर दोन्ही पायांना केस नसलेली गुलाबी कडी होती. नदीकाठच्या झुडपांत ती सापडली तेव्हा पुढचे पाय नायलॉनच्या दोरीने एकमेकांना बांधलेले होते, दोरी मांसात रुतलेली. आंधळं जनावर, पाय बांधून पावसात सोडलेलं. रात्री जेवणही नीट गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत जाड पेंढा पसरून गौरीला चढवलं. मुरबाडच्या स्टँडसमोर मिसळ खाल्ली; तिखट आहे, सोबत ताक घ्या. तिथून माळशेजच्या रस्त्याला लागून आत वळलं की दातेकाकांची वाडी. काका डोंबिवलीतली नोकरी संपवून इथे राहायला आलेले. त्यांच्याकडे एक म्हातारा घोडा होता, त्याला सोबत हवी होती. स्वच्छ तबेला, सावली, पाण्याची टाकी. वैशालीने कोपरान् कोपरा तपासला आणि मला हळूच म्हणाली, "याहून चांगलं घर मिळायचं नाही."

गौरीला फळीवरून उतरवत होतो, तेवढ्यात तबेल्यामागून पन्नाशीचा एक माणूस आला. काकांचा घोडेवाला, बबन. तो जरा लांबच थांबला आणि त्याने हलक्या आवाजात हाक मारली, "सोने."

गौरीचे कान ताठ झाले. ती खिंकाळली, वैशालीच्या हातातला दोर ओढून त्या आवाजाच्या दिशेने ठेचकाळत गेली आणि तिने त्याच्या छातीवर कपाळ टेकवलं. जी कुणाला हात लावू देत नव्हती, ती.

वैशालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने विचारलं, "तुमची होती?"

बबनने होकारार्थी मान हलवली. कल्याणात तो वरातीला घोडी द्यायचा. ही डोळ्यांनी अधू झाली, बँडच्या आवाजाला बुजायला लागली, काम सुटलं. विकली असती तर कसायाकडे गेली असती, म्हणून हिरवं गवत बघून नदीकाठी सोडली, असं तो सांगत होता. पुढे इथे नोकरी लागली. वैशालीकडे आंधळी पांढरी घोडी आहे हे कळल्यावर ती आणावी म्हणून काकांना त्यानेच गळ घातली होती. काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"पाय का बांधले?" वैशालीने विचारलं.

तो घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बांधले नसते तर माझ्या मागनं घरी आली असती, ताई. दोनदा आली होती."

काकांनी हवं तर बबनला कामावरून काढतो म्हटलं. वैशाली नको म्हणाली, आणि मग घोडी परत नेते म्हणाली. मला वाटलं, तिला इथेच राहू द्यावं, तिला तोच हवाय. मी तसं बोललेही. वैशालीने माझ्याकडे न बघता सांगितलं, "तिला हवाय म्हणूनच भीती वाटते. त्याने परत बांधलं तरी ती उभी राहील."

गौरीला चढवायला शेवटी बबननेच मदत केली. दुसऱ्या कुणाच्या हाताने ती पाऊल उचलेना. गोवेली येईपर्यंत ती मागे तोंड करून खिंकाळत होती. आम्ही दोघी पुढे बसून ऐकत होतो.

मी ठाण्याला परतले. घोडीने चारा सोडल्याचं वैशाली फोनवर सांगायची. सलाईन लावलं, काही फरक नाही. शेवटी तिनेच बबनला बोलावलं. तो एसटीने आला, दिवसभर पागेत बसला, आणि त्याच्या हातून गौरीने घास घेतला. आता तो सुट्टीच्या दिवशी येतो. वैशाली त्याला चहा देते, बोलत मात्र नाही, आणि तो असेपर्यंत पागेच्या दारातून हलत नाही.

तुमच्यापैकी कुणाला घोडा दत्तक घ्यायचा असेल तर आधी अशा जागी दोन दिवस राहून या. घोडे माणसाला किती धरून असतात ते तिथे कळतं. मला ते फार गोड वाटेल असं वाटलं होतं. परवा वैशालीने फोनवर विचारलं, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस. मी विषय बदलला. ती गुलाबी कडी मला अजून दिसतात, आणि त्यांच्या वर, त्याच माणसाच्या छातीवर निवांत टेकलेलं ते कपाळही.