माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर माझीच सही

मित्रांनो, आज हिंगोलीला नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. येताना डोकं नुसतं भणभणत होतं.

डोंगरकडा गावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो, लग्नाच्या आधीपासून. पण पाऊस लागला की मोटारी बंद आणि माझा गल्लाही बंद. म्हणून पंपाच्या कंपनीत मेकॅनिकसाठी अर्ज टाकला.

अनुभवाचा दाखला जोडा म्हणाले. आता माझा मालक मीच! मग दुकानाच्या बिलाच्या कागदावर मीच लिहिलं, 'सदर इसम आमच्याकडे काम करतो, वागणूक चांगली आहे.' खाली सही, शिक्का.

साहेबांनी अर्ज पाहिला, दाखला पाहिला. "दोन्हीकडे सही एकच कशी?"

"सर, दुकान माझंच आहे."

"असं चालत नाही. दुसऱ्या कोणाकडे काम केल्याचं आणा. सोमवारपर्यंत."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "काहून जिवाला लावून घेऊन राहिले? माझ्या भावाची सही घ्या."

मेव्हण्याचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. त्याच्या घरचा बल्बसुद्धा मीच लावून देतो. मी त्याच्याकडे एक दिवस नोकरी केलेली न्हाई. पण सोमवार जवळ येऊन राहिला.

स्वतःचं काम करणाऱ्यांनो, तुमी दाखला कुणाचा आणला? खरंच सांगा. कारण आत्ताच मेव्हण्याचा फोन आलाय, "दाजी, शिक्का घेऊन बसलोय. वागणूक कशी होती म्हणून लिहू?"