कोंबड्यासाठी चालतं

माझा धाकटा भाऊ तेर्यो बायको मेली तेव्हा रडला नाही, याचं आमच्या गावाला केवढं कौतुक! नेनिताची शवपेटी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पाच दिवस घरात होती. पाचही दिवस हा आल्यागेल्याला कॉफी-बिस्किटं देत होता, बाप्यांबरोबर पत्ते कुटत होता. “याला म्हणतात पुरुष!” त्याचा दोस्त दिमास म्हणाला. दिमास स्वतः झुरळ दिसलं की बायकोला हाक मारतो, तो भाग वेगळा.

मग तेर्योची झोप उडाली. हात कापायला लागले, छाती दुखायला लागली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, “हृदय ठणठणीत आहे. दुःख आत कोंडलंय. कुणाशी तरी बोला, रडा.” हे त्याने दोस्तांना सांगितलं, आणि तिथेच चुकला.

“पारे, दोस्ता, रडायला तू काय बाई आहेस?” दिमासने माडीचा पेला पुढे केला. “घे, मार घोट.”

जखम मांडीला, मलम शेंडीला. वर्षभर हाच औषधोपचार चालला.

तेर्योचा एक झुंजीचा तांबडा कोंबडा होता. सकाळी त्याला कोमट पाण्याने पुसायचं, उकडलेलं अंडं कुस्करून भरवायचं, मग मांडीवर घेऊन मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवायचा. “माझं बाळ ते, माझा राजा.” हे सगळं उघड्या अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या देखत. कुणी हसायचं नाही. आमच्याकडे पुरुषाला कोंबड्याची आई व्हायची पूर्ण मुभा आहे.

पोरीची मात्र नाही. लुर्देस नऊ वर्षांची. रोज फणी घेऊन बापाकडे यायची. “ताताय, गुंता सोडव ना. आई सोडवायची तसा.”

“ते बायकांचं काम. आत्याकडे जा.”

ती माझ्याकडे यायची नाही. कोंबड्याच्या खुंटापाशी जाऊन बसायची, केस तसेच. हळूहळू तिने शाळेत बोलणं सोडलं, मग घरात. आमचं ते रत्न बघत होतं आणि कोंबड्याला अंडं भरवत होतं. शेवटी माझं डोकं फिरलं.

“अरे, पोरगी सुकत चाललीय! जवळ घे तिला!”

“मानांग, मोठी बहीण म्हणून तुला सांगतो, तिला हात लावला की छातीत काहीतरी फुटेल असं वाटतं.”

“मग फुटू दे की, मेल्या!”

रविवारी आखाड्यात दिमासच्या कोंबड्याच्या पायाला बांधलेल्या कातीने तो तांबडा राजा अर्ध्या मिनिटात आडवा केला. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या हंडीत जातो, तसा तोही गेला. आणि दिमासची माणुसकी एवढी थोर, की दुपारी गवती चहा आणि कच्ची पपई घातलेल्या रश्श्याचा वाडगा घेऊन चार मित्रांसह तो स्वतः आला. “खा पारे, मर्दासारखा लढला.”

तेर्योने वाडग्यात पाहिलं. आणि तो गुडघ्यांवर कोसळून असा ओरडला की माझ्या हातातली पळी खाली पडली. “नेनिता! नेनिता गं!”

मला वाटलं, आता हे पळतात. कसलं काय! दिमासने चक्क डोळे पुसले. “रड, पारे, रड. पक्षी लाखात एक होता.” बाकीचेही मुसमुसायला लागले. बायकोचं नाव पाचांच्या कानांवर आदळत होतं आणि पाचही ठार बहिरे. बायकोसाठी रडला असता तर जन्मभर चेष्टा केली असती. कोंबड्यासाठी चालतं.

त्या रात्री तेर्यो झोपला. सकाळी नऊ वाजेपर्यंत घोरत होता.

उठला, तर लुर्देस रिकाम्या खुंटापाशी फणी घेऊन बसलेली.  मग तिला आत आणून त्याने मांडीवर घेतलं आणि बोटांनीच एकेक गुंता सोडवायला लागला, हलक्या हाताने, मानेपासून खाली पाठीपर्यंत. “माझं बाळ ते.” पोरगी हमसून हमसून रडत होती, आणि हाही.

पण त्याआधी त्याने रस्त्याकडची खिडकी लावून घेतली होती.