रोखलेल्या वडाचं पाणी

शकूआत्या गेली तेव्हा तिला वाटत होतं, तिचा वड घरी उन्हात बसलाय.

नव्हता.

आज वर्ष झालं. वर्षभर मी गप्प बसले. घरातलं घरात राहू दे, म्हणाले सगळे. आता बास. ज्याला झोंबेल त्याला झोंबू दे, अनफ्रेंड करायचं तर खुशाल करा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत माहेरी परत आली ती कायमची. घोडेगावच्या आमच्या घरी कुंडीत एक वड होता, गुडघ्याएवढा. तिच्या आजोबांनी लावलेला.

तेव्हा आमचं घर जुन्नरला होतं आणि प्लेग आला होता. जुन्नरची माणसं गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहत होती. निघताना आजोबांनी भिंतीतलं वडाचं रोप उपटलं आणि फुटक्या माठाच्या बुडात लावलं. का, असं विचारलं तर म्हणाले म्हणे, "घराला कुलूप घातलं. पण घरातलं कायतरी जितं संगं पायजे का नको?"

बोन्साय हा शब्द आत्याला टीव्हीवर कळला. आमच्याकडे त्याला 'रोखलेला वड' म्हणायचे.

थंडी पडली की आत्याची धांदल बघावी. फांदीला वळण द्यायला पावसाळ्यात गुंडाळलेली तार सालीत रुतायच्या आत सोडवायची. कुंडीवर चढलेले पांढरे डाग जुन्या टूथब्रशने घासायचे. मातीत मिसळायला विटा कुटायच्या, चाळायच्या, पोत्यात भरून ठेवायच्या, कारण माती बदलायची ती शिमग्याला.

"थंडीत मुळाला हात लावायचा न्हाई. निजलेल्या माणसाची गादी कुणी ओढतं व्हय?"

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे पाणी तोडणं. माती वाळली की मगच द्यायचं, तेही वाटीभर. आमच्याकडचे बागायतदार बागेला ताण देतात ना, तसंच.

"ताण दिल्याबिगर कणखर व्हत न्हाई, बाई. मलाच बघ की." असं म्हणून स्वतःच हसायची.

गेल्या वर्षी ऐन थंडीत तिला मंचरला ॲडमिट केलं. हार्टचं दुखणं. डॉक्टर म्हणाले, पेशंटला ताण देऊ नका.

बघा, शब्द तोच.

इकडे घरी दादा, माझा सख्खा भाऊ, एका वास्तुवाल्याला घेऊन आला. त्याच्या पोराचं, रोहनचं, लग्न जमत नव्हतं. वास्तुवाला घरभर फिरला आणि बोट ठेवलं ते वडावर. "दारात झाड खुंटलंय, म्हणून तुमचा वंश खुंटलाय."

अहो, आमच्या भागात शेती करणाऱ्या कुठल्या पोराचं लग्न पटकन जमतंय? सगळ्यांच्या दारात काय बोन्साय आहे का?

पण वड तोडायचा कसा? पाप लागतं. वटपौर्णिमेला वहिनी त्यालाच तर दोरा गुंडाळायची. जमिनीत लावावा, तर वास्तुवाला म्हणे तुमच्या हद्दीत नकोच. मग जुन्या देवाच्या तसबिरीचं करतात तेच केलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि डिंभ्याच्या धरणात नेऊन सोडला.

कुंडीसकट. विसर्जन!

प्लेगातून वाचलेलं झाड हो ते.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी सुट्टीच्या दिवशी पुण्याहून हॉस्पिटलात यायची. दादा आला की आत्याचं एकच.

"आरं, वडाचं पाणी तोडलंस का?"

"तोडलं, आत्या."

"बघ हां, सूनबाई मायेनं तांब्याभर वतंल. थंडीत पाणी लई झालं तर मुळं कुजत्यात."

"थेंब देत न्हाई. तू ताण नको घेऊ."

मी तिथेच मोसंबी सोलत बसले होते. दादाचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

मग आत्या माझ्याकडे वळायची. "शिमग्याला तू ये गं. विटा चाळून ठिवल्यात. माझ्यानं आता कुंडी उचलायची न्हाई."

शिमगा तिने बघितला नाही.

दहाव्याला मी अंगणात गेले. कट्ट्यावर कुंडीचा नुसता गोल डाग. विचारलं. दादाने चहा पीत पीत सगळं सांगितलं, वर म्हणाला, "तिला ताण आला असता म्हणून बोललो नाही. तिच्या भल्यासाठीच ना?"

भल्यासाठी! वा रे भलं करणारे.

दादा, तू हे वाचशीलच. रोहनचं लग्न अजून जमलेलं नाही, हेही लिहून ठेवते. पोराचं मला वाईट वाटतं. तुझं नाही वाटत.

आत्या, विटांचं पोतं मी पुण्याला आणलंय. गॅलरीत ठेवलंय. वहिनी म्हणाली, ने बाई, तेवढीच अडगळ कमी होईल.

शिमग्याला मी आले होते गं. तू बोलावलं होतंस ना. घरी नाही गेले, डिंभ्याला गेले आणि काठावर उभी राहून परत फिरले.

तुला एक सांगायचं राहिलंय. ताण येईल म्हणून कुणी सांगितलं नाही. आता तुला कसला आलाय ताण? ऐक.

त्यांनी पाणी तोडलं नव्हतं गं. पाण्यातच सोडलं होतं त्याला.

तुला आणि तुझ्या वडाला, दोघांनाही श्रद्धांजली.