उसने डोळे

‘डोळे माझे घे,’ सुमन म्हणाली, आणि तिथे माझं सगळं फिरलं.

दवणेमास्तर त्या सकाळी गेले होते. सुमन त्यांची मुलगी.

आज मास्तरांची तिथी. दरवर्षी या दिवशी मी एका जागी टिकत नाही. यंदा म्हटलं, लिहून तरी टाकू.

बासष्ट-त्रेसष्टची गोष्ट. आमच्या डहाणूत तेव्हा फोटो म्हणजे लग्नातला, तोही ज्याला जमला त्याचा. बाकी माणसं फोटोशिवायच जायची. मग घरातलं कोणीतरी मास्तरांना न्यायला यायचं. मास्तर कोळशाच्या कांड्या घेऊन निघायचे आणि प्रेत उचलायच्या आत चेहरा कागदावर उतरवायचे.

पण मेलेल्याचे डोळे मिटलेले.

म्हणून मास्तर आधी विचारायचे, ‘सख्खं कोण?’

भाऊ, बहीण, मुलगा, जो पुढे येईल त्याला समोर बसवून त्याचे डोळे त्या चेहऱ्यात घालायचे.

मी वरोरचा. बापाची बोट. मुंबईला इंटर आर्ट्सला होतो, ते मधेच सोडून आलो. बापाने विचारलं, आता काय करणार? म्हटलं, दवणेमास्तरांकडे चित्रकला शिकणार. बापाने जाळं अंगावर फेकलं नाही एवढंच.

अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे सुमन.

मास्तरांची चित्रं मास्तरांकडे नसायचीच. ज्याची त्याच्या घरी, हार घालून टांगलेली. ती बघायला मी दारोदार फिरलो. वरोर, तलासरी, पार झरीपर्यंत. लोकांच्या भिंतीसमोर उभा राहून कॉपी करायचो. कोणी विचारायचं, कोणाचा रे तू? कोणी न विचारताच भाकरी पुढे करायचं.

झरीला एका म्हातारीच्या भावाचं चित्र उतरवत होतो. नाक जमलं, ओठ जमले, नजर जमेना. रबराने कागद पार काळा केला. ती चुलीपासून म्हणाली, ‘त्याला काय बघतोस? डोळे माझे आहेत. इकडे बघ.’

तेच डोळे. फक्त आता सुरकुत्यांत.

घरी मात्र मी सुमनलाच काढायचो. आठवणीतून. ढीग झाला कागदांचा. एकदा तो चुकून बरोबर नेला आणि नेमका मास्तरांच्या हाती लागला. मास्तर एकेक कागद बघत गेले. ही कोण, ते विचारलं नाही. एवढंच म्हणाले,

‘दामू, यात बघणारा दिसतोय. समोर बसलेली दिसत नाही.’

डोकं सटकलं माझं. त्यांच्यासमोर सगळे कागद फाडले आणि निघून आलो. तिकडे फिरकायचं नाही असं ठरवलं.

मग गेलोच. जाणार कुठे? सुमन तिथेच होती.

तिचं लग्न बलसाडला ठरतंय असं कानावर आलं. म्हटलं, आता बोलायचंच. दसऱ्याला बोलू. दिवाळीला बोलू.

आणि मास्तरच गेले.

अख्ख्या तालुक्याचे चेहरे भिंतीवर ठेवणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोटो नव्हता. शाळेचा ग्रुप फोटो होता, त्यात तोंड तांदळाच्या दाण्याएवढं. अंगणात बांबू बांधायला घेतले होते. कोणीतरी म्हणालं, दामू काढेल.

बसलो. डोळ्यांची जागा सोडून चेहरा काढला. पण ‘सख्खं कोण’ हे विचारायची हिंमत होईना. उत्तर मला माहीत होतं.

तीच उठून समोर पाटावर येऊन बसली.

‘डोळे माझे घे.’

आजवर चोरून बघितलेली मुलगी. आता सगळ्यांसमोर, हवं तेवढं बघायचं होतं.

बघितलं. डाव्या पापणीला मास्तरांसारखाच झोल. माझ्या एकाही कागदावर तो नव्हता. रडून लाल झालेले डोळे माझ्या खांद्यावरून मास्तरांकडे लागलेले.

‘माझ्याकडे बघ,’ म्हटलं.

तिने बघितलं. सरळ.

मी शोधलं. पार तळापर्यंत शोधलं. ओळख होती. हा बाबांना नीट काढेल, असा भरवसा होता. त्यापुढे माझ्यासाठी काही नव्हतं.

माझ्या चित्रांत जे असायचं, ते मीच घातलेलं होतं.

घालावंसं आताही वाटलं. कोळशाची एक रेघ पुरली असती. पण मग मास्तर बिघडले असते.

होतं तेच काढलं.

कागद भिंतीला टेकवला. सुमन जवळ येऊन बघून म्हणाली, ‘बाबा तुझी चित्रं बघताना असेच बघायचे.’

बाहेरून हाक आली, चला.

मास्तरांना उचलून अंगणात नेलं. त्यांच्या जागी बायकांनी दिवा लावला, शेजारी चित्र ठेवलं. सुमन चित्रासमोर बसून राहिली. दिवाळीला बोलायचं होतं ते तोंडाशी आलं होतं. गिळलं.

मास्तर, त्या दिवशी बसलेली दिसली. तुम्हाला नमस्कार.

खाडीचा वारा आत येत होता, दिवा फडफडत होता. बाहेर खांदा द्यायला माणसं थांबली होती. मी निघालो, आणि दिवा विझू नये म्हणून जाताना दार ओढून घेतलं.